पूजा झालेलं एक्स्चेंज

कंपनीच्या गेटवर मोबाइल जमा करावा लागतो. हा नियम कामगारांना आहे, साहेबांना नाही. कप्प्यात मोबाइल ठेवायचा, टोकन घ्यायचं आणि आत जायचं. मग शिफ्ट सुटेपर्यंत घरच्यांना आतल्या माणसाशी बोलायचं असेल तर एकच वाट उरते, ती म्हणजे कंपनीच्या बोर्डाचा नंबर. तो लावला की बोर्डावरची ऑपरेटर इंद्रायणी फोन उचलायची.

चाकणच्या या कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचे भाग होतात. कामाला लोक लांबलांबून आलेले आहेत. त्यांच्या आया, बायका फोन करायच्या आणि नुसतं म्हणायच्या, आमच्या सदाला द्या की. सदा कोण, कुठल्या खात्यात, हे त्यांना सांगता यायचं नाही. इंद्रायणी विचारायची, गाव कुठलं, या आठवड्यात पाळी कुठली, घरी येतो तेव्हा कपड्यांना तेलाचा वास येतो की रंगाचा? एवढ्यावरून तिला खातं कळायचं. ती बरोबर त्या खात्यातला फोन वाजवायची, आणि मशिनच्या आवाजात कोणाला ऐकू गेला नाही तर पुन्हा वाजवायची.

तिच्या खुर्चीमागं एका छोट्या खोलीत एक्स्चेंज होतं. एक्स्चेंज म्हणजे कंपनीतल्या सगळ्या फोनच्या तारा जिथं येऊन मिळतात ते लोखंडी कपाट. कोणी कुठला नंबर दाबला आणि घंटी कुठं वाजवायची, हे ठरवायचं काम त्या कपाटातलं एक कार्ड करतं. त्याला प्रोसेसर म्हणतात. या कपाटात अशी दोन कार्डं होती. वरचं काम करायचं. खालचं नुसतं जागं राहून वरच्याकडं लक्ष ठेवायचं, आणि वरचं अडलं तर त्याचं काम उचलायचं. एवढ्या वर्षांत खालच्यावर ती वेळ क्वचितच आली होती.

इंद्रायणीला ती खुर्ची सासऱ्यांच्या जमिनीमुळं मिळाली होती. कंपनी उभी राहिली त्यात सोपानरावांचंही रान गेलं. ज्यांची जमीन गेली त्या घरातल्या एकाला काम द्यायचं असं ठरलं होतं. मुलानं टेम्पो घेतला होता, त्याला नोकरी नको होती. म्हणून बारावी झालेली सून कामाला लागली. गावातल्या बाकीच्या घरांना शिपायाची, नाहीतर बागेतली कामं मिळाली. सोपानरावांच्या सुनेला खुर्ची आणि टेबल मिळालं. गावात कोणी भेटलं की सोपानराव सांगायचे, कंपनीत फोन लावा, पहिला आवाज आमच्या घरचा येतो.

यंदा पावसाळ्यात कळलं की जुन्या पद्धतीच्या टेलिफोन लाइनी बंद होणार. नव्या लाइनी इंटरनेटवरून येणार होत्या, आणि एक्स्चेंजच्या जुन्या सॉफ्टवेअरला त्या लाइनींची भाषा कळत नव्हती. आता करता येण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे प्रोसेसरवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं आणि तेच कपाट पुढं चालवायचं. दुसरी म्हणजे कपाट भंगारात काढून नवी छोटी पेटी आणायची. ती पेटी स्वतःच बोलते, आणि मग ऑपरेटर लागत नाही.

ॲडमिनचे शेखर सर नवे होते. त्यांचा कल पेटीकडं होता. हल्ली बोर्डावर फोन करतं कोण, असं ते मीटिंगमध्ये म्हणाले. त्यांचा स्वतःचा मोबाइल त्या वेळी टेबलावर होता. पण वरच्या साहेबांनी सांगितलं, आधी सॉफ्टवेअर बदलून बघा. झालं तर ठीक, नाही झालं तर पेटी आणा. इंद्रायणीला शेखर सरांनी बोलावून नीट समजावलं. एक्स्चेंज राहिलं तर ती बोर्डावर राहील. नाहीतर पॅकिंगला. पगारात फरक पडणार नाही.

ती हो म्हणाली. पॅकिंगमध्ये दिवसभर खोक्यांना पट्टी मारायची असते. तिथं कोणी कोणाला फोनवरून हाक मारत नाही.

सॉफ्टवेअर चढवायला ज्योतीराम येणार होता. तो लातूरकडचा, तळवड्यातल्या एका लहानशा फर्ममध्ये कामाला. हे जुनं मॉडेल दुरुस्त करणारे आता थोडेच उरले होते आणि हे कपाट त्यानं वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. चहा पिता पिता त्यानंच इंद्रायणीला आतलं सगळं समजावून सांगितलं होतं. दोन कार्डं कशाला, तेही. सॉफ्टवेअर बदलायचं झालं तर आधी खालच्या कार्डावर चढवायचं. मग काम त्याच्याकडं सोपवायचं आणि थोडा वेळ बघायचं. ठीक चाललं तरच वरच्याला हात लावायचा. म्हणजे काही बिघडलं तरी एक कार्ड शाबूत राहतं.

दिवस ठरला खंडेनवमीचा. त्या दिवशी सकाळी कंपनीत प्रत्येक मशिनची पूजा होते. प्रेसला, लेथला, भट्टीला झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. मग मशिन बंद. पूजा झालेल्या मशिनला दसरा होईपर्यंत कोणी हात लावत नाही. फोनही येत नाहीत. म्हणून शेखर सरांना तोच दिवस सोयीचा वाटला.

इंद्रायणीला मात्र प्रश्न पडला. पूजा केली तर ज्योतीरामनं यंत्राला हात कसा लावायचा? आणि नेमकं या वर्षी पूजा करायची नाही, हेही तिला पटेना. तिनं त्यालाच फोन करून विचारलं. तो हसला आणि म्हणाला, ताई, तुम्ही करा पूजा, मी देवीची माफी मागून हात लावतो.

दर वर्षी ती कपाटाच्या दारावर बाहेरून हळदकुंकू लावायची. या वर्षी तिनं दार उघडलं. ज्याच्यावर सगळं अवलंबून होतं ते कार्ड आत होतं, आणि बाहेरच्या पत्र्याला नमस्कार करून भागेल असं तिला वाटेना. वरच्या कार्डाच्या पुढच्या पट्टीवर तिनं हळदीचं आणि कुंकवाचं बोट लावलं, चिमूटभर अक्षता वाहिल्या आणि हात जोडले. खालच्या कार्डाला काही लावलं नाही. चालतं त्याची पूजा करायची, एवढंच तिच्या मनात होतं.

ज्योतीराम दुपारी प्रसादाचं जेवण झाल्यावर आला. त्यानं कुंकू पाहिलं, हात जोडले, खिशातल्या रुमालानं पट्टी स्वच्छ पुसली आणि लॅपटॉप जोडला. इंद्रायणी बाहेर आपल्या खुर्चीवर बसून राहिली.

ज्योतीरामला संध्याकाळी गावची गाडी गाठायची होती. बायको-पोरं आधीच गावी गेली होती आणि दसऱ्याला त्याची वाट बघत होती. कंपनी बंद आहे, फोन येत नाहीत, मग एक कार्ड करून बघत बसायचं कशाला, असा विचार त्यानं केला. दोन्ही कार्डांवर त्यानं सॉफ्टवेअर एकदमच चढवायला घेतलं. नव्या सॉफ्टवेअरला त्या कार्डांवरची जुनी मेमरी पुरली नाही. दोन्ही कार्डं एकाच जागी येऊन अडकली. एकच अडकलं असतं, तर दुसऱ्यावर काम चालवून मेमरी वाढवता आली असती. जुनं सॉफ्टवेअर तोवर पुसलं गेलं होतं. त्याची सीडी त्यानं पिशवीतून काढली, तर ती वाचली जाईना. कपाटातले हिरवे दिवे एकेक करून गेले.

शेखर सर खाली पूजेच्या जागी लोकांशी बोलत उभे होते. इंद्रायणीच त्यांना बोलवायला गेली. ते आले आणि कपाटात डोकावले. अक्षतांचे दोन-चार दाणे खाली पडले होते, आणि पट्टीच्या कडेला रुमालातून सुटलेलं थोडं कुंकू राहिलं होतं.

"हे काय आहे?"

"पूजा केली होती, सर."

"दाराला करतात ना? आत?"

"आतही केली, सर."

शेखर सर ज्योतीरामकडं वळले. कपाटासमोर उकिडवा बसलेला ज्योतीराम हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडं बघत होता. शेखर सरांनी मोबाइल काढला, जवळून फोटो घेतला आणि स्टाफच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, देवी प्रसन्न, एक्स्चेंज मुक्त.

दसऱ्यानंतर कंपनी सुरू झाली तेव्हा सगळ्यांना सगळं माहीत होतं. कोणी रागावलं नाही. लोक हसत होते, आणि हसतानाही जपून हसत होते, कारण ताई चांगल्या आहेत हे सगळ्यांनाच मान्य होतं. अकाउंट्समधला एकजण आपल्या कॉम्प्युटरवर हात आडवा धरून म्हणाला, ताई, याच्यापासून लांबच राहा हं. इंद्रायणीही हसली. दुसरं काय करणार. कार्ड कुंकवानं बिघडतं की नाही हे तिला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो गप्प होता, आणि त्याच्या गप्प राहण्याचा तिनं सरळ अर्थ घेतला. माझी चूक होती, ज्योतीरामभाऊंनी ती चारचौघांत बोलून दाखवली नाही.

घरी वेगळंच कारण ठरलं होतं. सोपानरावांना कुंकवाचं काहीच वाटलं नाही.

"कुंकवानं कुठं काय मोडतंय व्हय? पूजा झाल्याव हात लावला, त्यानं झालं. आमी कधी खंडेनवमीला नांगराला हात लावला न्हाई."

"मीच हो म्हणाले होते, आबा. ज्योतीरामभाऊंशी फोनवर तसं ठरलं होतं."

"मग तुजंच चुकलं."

ते एवढंच बोलले आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवसापासून बोर्डावरच्या आवाजाची गोष्ट ते कोणाला सांगेनासे झाले. कंपनीत कुंकू दोषी होतं, गावात हात लावणं दोषी होतं, आणि दोन्हीकडं इंद्रायणी होतीच.

नवी पेटी आली. चपलेच्या खोक्याएवढी होती. ती बसवायचं काम तळवड्याच्या त्याच फर्मला मिळालं आणि ज्योतीराम पुन्हा आला. मोठं कपाट रिकामं करून त्यानं भिंतीकडं सरकवलं. पण एक अडचण होती. कोणता नंबर कुठल्या खात्यात, कुठल्या खांबाजवळ आहे, ही सगळी माहिती कपाटाबरोबरच गेली होती. ज्योतीरामकडं होती ती फार जुनी. त्यानंतर खाती हलली होती, नवी शेड झाली होती. आता ती माहिती फक्त इंद्रायणीला होती. शेखर सरांनी तिला सांगितलं, याच्याशेजारी बसा आणि सगळं सांगा, मग पॅकिंगला जा.

ती सांगत गेली, तो टाइप करत गेला. ती नुसते नंबर सांगत नव्हती. भट्टीजवळच्या फोनची घंटी जास्त वेळ वाजू द्या, तिथल्या माणसाला हातमोजे काढायला वेळ लागतो. पेंट शॉपमधला फोन उचलला नाही तर शेजारच्या स्टोअरमध्ये वाजला पाहिजे. दवाखान्याच्या खोलीतला कधीच एंगेज लागता कामा नये. नव्या पेटीत हे सगळं करता येत होतं. ज्योतीराम मान हलवत ते टाकत होता.

मध्येच ती थांबली. तिला बरेच दिवस विचारायचं होतं.

"भाऊ, कुंकवानं कार्ड कसं काय जातं?"

"आता काय सांगावं, ताई. धूळ असते, ओल असते. यंत्रही जुनं होतं."

"नाही, मला समजून घ्यायचंय. कुंकू मी वरच्या कार्डाला लावलं. खालच्याला लावलंच नव्हतं. मग खालचं कसं गेलं?"

ज्योतीरामचे हात कीबोर्डवर थांबले.

"मीच केलो ते, ताई," तो म्हणाला. "दोन्हीवर एकदम चढवलो. गाडी गाठायची होती."

"तुम्हीच मला शिकवलं होतं, एकेक करायचं."

"व्हय."

"मग सरांना सांगा. आत्ता चला."

"सरांना माहिती आहे. त्याच दिवशी सांगितलो, खाली पार्किंगमध्ये." ज्योतीराम स्क्रीनकडं बघत बोलत होता. "ते म्हणाले, आता कारण सापडलंय, ते तसंच राहू द्या. नव्या सिस्टीमचं काम तुमच्याच फर्मला देतो."

इंद्रायणी उठली आणि शेखर सरांच्या केबिनमध्ये गेली. शेखर सरांनी काही नाकारलं नाही. उलट तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. त्यांचं म्हणणं असं की तिच्यावर कोणी आरोप केलेलाच नाही. कुठं नोंद नाही, मेमो नाही. एक गंमत झाली, लोक विसरतील. पेटी आज ना उद्या येणारच होती. आणि आता खरं काढायचं ठरवलं तर ज्योतीरामच्या फर्मचं काम काढून घ्यावं लागेल, फर्म त्याला घरी बसवेल. ते तिच्याकडं बघून अगदी सौम्यपणे म्हणाले, "त्याच्या पोटावर पाय द्यायचाय का तुम्हाला? तसं असेल तर सांगा, मी आत्ता मेल टाकतो."

हिशेब मागायला म्हणून ती आत गेली होती, आणि बाहेर येताना ज्योतीरामची नोकरी तिच्याच गळ्यात अडकवली गेली होती. चहा तिनं घेतला नाही. घेतला नाही हेही शेखर सरांच्या लक्षात आलं नाही, कारण तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला.

ती परत खोलीत आली. ज्योतीराम तसाच बसला होता. उरलेले नंबर अजून तिच्या डोक्यात होते, आणि ती म्हणाली असती की मला आठवत नाहीत, तर ते कोणाला शोधूनही सापडले नसते. दारात उभ्या उभ्या तिच्या मनात तेही येऊन गेलं. एखादा नंबर चुकीचाही सांगता आला असता. पण चुकीच्या नंबरानं शेखर सरांचं काय अडणार होतं? अडली असती लातूरची नाहीतर बीडची कोणी बाई, जिला आपला मुलगा कुठल्या खात्यात आहे हेही माहीत नसतं.

ती बसली आणि उरलेले नंबर बरोबर सांगितले. ज्योतीराम प्रत्येक नंबर म्हणून दाखवत होता. एकदा त्यानं चुकीचा टाकला, तो तिनं दुरुस्त करून घेतला. शेवटी त्यानं विचारलं, फोन करणाऱ्यानं काहीच दाबलं नाही तर फोन कुठं द्यायचा? आधी तो तिच्याकडं यायचा. सरांनी सिक्युरिटी सांगितलंय, असं तोच पुढं म्हणाला. तिनं मान हलवली. काम संपल्यावर तो काहीतरी बोलायला म्हणून उभा राहिला, पण ती तोवर पर्स घेऊन जिन्याकडं निघाली होती.

पेटीचा आवाज कोणा मुलीचा आहे. आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग मराठीत ती सांगते की आपल्याला हव्या असलेल्या एक्स्टेंशनचा नंबर दाबा. सिक्युरिटीचा माणूस सांगतो की दिवसातून कितीतरी फोन त्याच्याकडं येतात आणि पलीकडून नुसतंच हॅलो हॅलो ऐकू येतं. तो गेट सांभाळणार की हे ऐकणार? थोडा वेळ वाजू देतो, मग उचलून खाली ठेवतो.

इंद्रायणी आता पॅकिंगला आहे. टेबलाच्या त्या बाजूला वर्षाली असते. ही मुलगी नुकतीच लागली, परभणीकडची, ताथवड्याला भावाकडं राहते. ती आली तेव्हा एक्स्चेंज भंगारात गेलं होतं, पण गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती. एकदा सुपरवायझर पट्टी मारायचं मशिन दाखवताना तिला म्हणाला, याला कुंकूबिंकू लावू नको बरं का, आणि त्यानं इंद्रायणीकडं बघून डोळे मिचकावले.

जेवणाच्या सुट्टीत वर्षालीनं विचारलं, ताई, ते खरं आहे का हो?

इंद्रायणीनं डबा बाजूला ठेवला. आजवर तिला कोणी विचारलं नव्हतं, सगळे नुसतं सांगत होते. तिनं नीट सुरुवातीपासून सांगायला घेतलं. ज्योतीरामचं नाव तिनं घेतलं नाही. त्या कपाटात दोन कार्डं असतात. वरचं काम करतं, खालचं जागं राहतं. सॉफ्टवेअर बदलताना दोन्हींना एकदम हात लावायचा नसतो. तिनं टेबलावर दोन खोकी ठेवून दाखवलं. हे वरचं, हे खालचं. कुंकू इथं होतं, इथं नव्हतं. आणि गेली दोन्ही. म्हणजे काय, सांग बरं?

वर्षाली लक्ष देऊन ऐकत होती. तिनं दोन्ही खोक्यांकडं बघितलं, मान हलवली. सुट्टी संपल्याची घंटा झाली. शेजारच्या बायका डबे बंद करून उठायला लागल्या.

"पण ताई," वर्षाली म्हणाली, "कुंकू लावलं तर होतं ना तुम्ही?"

"लावलं होतं," इंद्रायणी म्हणाली, आणि तिनं खोकी उचलून पट्टी मारायला घेतली.